वार्ष्णेयाचें आसन

नलोपाख्यान ज्यांनीं वाचलें किंवा लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलें, त्यांना हंस आठवतो, कलि आठवतो, देवांच्या घोळक्यांतून दमयंतीनें ओळखून काढलेला नळ आठवतो. वार्ष्णेय मात्र बहुधा कोणासच आठवत नाहीं. आम्हीं वर्गांत, घरीं व स्नेह्यांच्या बैठकींत विचारून पाहिलें आहे. वार्ष्णेय हा नळाचा सारथी. नळ द्यूतांत सर्वस्व घालवूं लागला तेव्हां दमयंतीनें ह्याच्याच हातीं आपलीं मुलें सोंपवून त्यांना विदर्भांत, कुंडिनपुरास माहेरीं पोंचतें केलें. मुलें पोंचवून झालीं आणि ह्या गृहस्थास धनीच उरला नाहीं. हिंडत हिंडत तो अयोध्येस गेला व ऋतुपर्ण राजाच्या पदरीं सारथी म्हणून राहिला. पुढें कर्कोटकाच्या दंशानें कुरूप झालेला नळ बाहुक हें नांव घेऊन त्याच राजाकडे आला. राजानें त्याला अश्वशाळेचा मुख्य नेमलें, दहा सहस्रांचें वेतन ठरविलें, आणि वार्ष्णेय व जीवल हे दोघे त्याच्या हाताखालीं दिले. म्हणजे धन्याचें घर बुडालें म्हणून ज्यानें दुसरें घर पाहिलें, त्याचें त्या दुसऱ्या घरचें आसनहि जुन्या धन्यानेंच घेतलें. आणि घेणारा कोण हें त्या बिचाऱ्यास ठाऊकहि नव्हतें.

दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची हूल उठली व ऋतुपर्णास एका दिवसांत अयोध्येहून विदर्भ गांठण्याची घाई झाली, तेव्हांचा प्रवास तर सर्वांच्या परिचयाचा आहे. पण त्या रथांत तिघे होते हें वाचकांनीं एकदां पुन्हां पाहावें. राजाचें उत्तरीय वाऱ्यानें उडालें. राजा म्हणाला, थांब, वार्ष्णेय तें घेऊन येईल. रथ हाकण्यासाठीं ठेवलेल्या माणसास आतां एवढेंच काम उरलें होतें, आणि तेंहि त्याच्या वाट्यास आलें नाहीं; कारण उत्तरीय एक योजन मागें पडलें होतें. पुढें बेहड्याच्या झाडाखालीं बाहुक पानेंफळें मोजण्याच्या हट्टास पेटला आणि राजास म्हणाला, घाई असेल तर पुढें जा, रस्ता सरळ आहे, वार्ष्णेय रथ हाकील. त्यावर राजानें उत्तर दिलें कीं, तुझ्यासारखा सारथी पृथ्वीवर दुसरा नाहीं, तुझ्याच भरंवशावर मी विदर्भास निघालों आहें. हें बोलणें वार्ष्णेयाच्या देखत झालें. त्यावर तो काय म्हणाला हें व्यासांनीं लिहिलेलें नाहीं.

आम्ही तेल्हाऱ्याचे, म्हणजे विदर्भाचेच. ज्यास लोक कुंडिनपुर मानतात तें कौंडिण्यपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं आहे. तेव्हां ही शर्यत आमच्याच मुलखांत संपली असा थोडा अभिमान आम्ही बाळगून आहों. परंतु वार्ष्णेय अलीकडे आम्हांस वारंवार आठवूं लागला आहे तो ह्या अभिमानामुळें नव्हे, तर मोटारींच्या शर्यतींमुळें.

आमच्या घरीं हा छंद धाकट्या चिरंजीवांनीं आणला. फॉर्म्युला वन म्हणून जी जगांतील सर्वांत वरच्या दर्जाची शर्यत आहे, ती रविवारीं सायंकाळीं घरांतील यच्चयावत् कामें बंद पाडून पाहिली जाते. प्रथम आम्हीं नाकें मुरडलीं. तोच तोच रस्ता साठ वेळां फिरणाऱ्या गाड्यांत पाहावयाचें काय, असें आम्हांस वाटे, आणि खरें सांगावयाचें तर अजूनहि वाटतें. परंतु शर्यतीच्या भोंवतीं जें राजकारण चालतें त्याची गोडी मात्र आम्हांस लागली ती सुटेना. २०२५ च्या हंगामांत दहा संघ होते व प्रत्येकाच्या दोन गाड्या. म्हणजे सगळ्या पृथ्वीवर वीस आसनें. आमच्या महाविद्यालयांत शिपायाची एक जागा निघाली तर चारशें अर्ज येतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण त्या जागेवर बसलेल्या माणसास एका रात्रींत उठवून दुसरा बसविल्याचें आम्हीं पाहिलेलें नाहीं. त्या वीस आसनांवर तें घडतें.

ह्या प्रकारांतील सर्वांत सुरस कथा १९९१ सालची होय. बर्ट्रांड गाशो नांवाचा चालक जॉर्डन संघाकडे होता. लंडनमध्यें एका टॅक्सीवाल्याशीं त्याचें भांडण झालें, त्यानें त्याच्या तोंडावर अश्रुधुराचा फवारा मारला, आणि इंग्रज न्यायाधीशानें त्याला तुरुंगांत धाडलें. बेल्जममधील स्पा येथील शर्यत तोंडावर आलेली, आणि संघाचें एक आसन रिकामें. तेथें एडी जॉर्डन ह्या आयरिश मालकानें मिखाएल शूमाकर नांवाचा बावीस वर्षांचा जर्मन तरुण बसविला. पहिल्याच खेपेस त्यानें सरावांत सातवें स्थान मिळविलें. प्रत्यक्ष शर्यतींत पहिल्याच फेरींत त्याची गाडी बंद पडली. पण पाहणारांनीं जें पाहावयाचें तें पाहून घेतलें होतें. पुढील शर्यत दोनच आठवड्यांनीं इटलींत मॉन्झा येथें व्हावयाची होती. तेथें शूमाकर उतरला तो बेनेटन ह्या दुसऱ्या संघाच्या गाडींतून.

जॉर्डननें अर्थातच आरडाओरडा केला. त्याच्यापाशीं शूमाकरची सही होती. ह्या सहीची जी हकीगत जॉर्डनच्या मंडळींनीं पुढें सांगितली, ती आमच्यासारख्या इंग्रजीच्या शिक्षकानें चौकटींत लावून ठेवावी अशी आहे. पहिल्या शर्यतीपूर्वीं घाईघाईनें एक पत्र लिहून घेतलें होतें, कीं ह्या शर्यतीनंतर मी जॉर्डनशीं चालकाचा करार करीन. पत्राच्या मसुद्यांत 'करार' ह्या शब्दापूर्वीं 'दि' हें उपपद होतें. म्हणजे तो अमुक एक, उभयतांस ठाऊक असलेला करार. सही होतांना त्या 'दि'च्या जागीं 'ए' आला. म्हणजे करार तर खरा, पण कोणताहि, कसलाहि. एवढ्याशा अक्षरानें दगडावरची रेघ पाण्यावरची झाली. गेलीं तीस वर्षें आम्ही वऱ्हाडांतील मुलांस 'दि' केव्हां घालावा व 'ए' केव्हां, हें शिकवीत आहों. मराठींत हीं उपपदें नाहींत. त्यामुळें मुलें तीं मिठासारखीं, हाताला येतील तशीं वापरतात, आणि उत्तरपत्रिकेंत आम्हीं लाल शाईनें खुणा केल्या म्हणजे 'त्यानें अर्थांत काय फरक पडतो, सर?' असें विचारतात. ह्यापुढें विचारणारास आम्ही ही गोष्ट सांगतों. लंडनच्या न्यायालयानें जॉर्डनचा मनाई हुकुमाचा अर्ज नामंजूर केला. शूमाकर बेनेटनकडे राहिला आणि पुढें सात वेळां जगज्जेता झाला. ह्या सातांपैकीं पहिले दोन मान, १९९४ व १९९५ सालचे, त्यानें बेनेटनच्याच गाडींतून मिळविले.

येथपर्यंतची कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु बेनेटनची ती गाडी रिकामी नव्हती. तींत रोबेर्तो मोरेनो हा ब्राझीलचा चालक बसत होता. बत्तिशी उलटलेला, वर्षानुवर्षें रद्दी गाड्यांतून शर्यतीच्या दारापर्यंत येऊन परत गेलेला हा मनुष्य. १९९० च्या ऑक्टोबरांत बेनेटनच्या आलेस्सांद्रो नानीनीचा हात हेलिकॉप्टरच्या अपघातांत तुटला, तेव्हां त्याच्या जागीं मोरेनोची वर्णी लागली. आणि पहिल्याच शर्यतींत, जपानमध्यें, तो आपला देशबंधु व बालमित्र नेल्सन पिके ह्याच्या पाठोपाठ दुसरा आला. त्या दिवशीं तो ढसाढसा रडला. ज्या स्पाच्या शर्यतींत शूमाकरची गाडी पहिल्या फेरींत बंद पडली, त्याच शर्यतींत मोरेनो चवथा आला होता व सर्वांत जलद फेरी त्याच्याच नांवावर लागली होती. त्यानंतर लवकरच त्यास कळविण्यांत आलें कीं, तुझी आतां गरज नाहीं.

मोरेनो गप्प बसला नाहीं. तो मिलानच्या न्यायालयांत गेला व त्यानें आपल्या बाजूनें हुकूम मिळविला. मॉन्झाच्या शर्यतीपूर्वींची ती रात्र कोमो सरोवराच्या कांठच्या एका भारी हॉटेलांत वाटाघाटींत गेली. शेवटीं मोरेनोनें रक्कम पत्करली आणि दावा सोडला. आणि मग त्याला आसन मिळालें तें कोठलें? जॉर्डनच्या गाडींतलें; जें शूमाकर नुकतेंच सोडून गेला होता तें! दोन शर्यती त्यानें तेथें काढल्या, आणि तिसरीपासून तेथेंहि दुसरा मनुष्य आला. शूमाकर मॉन्झाला पांचवा आला. बेनेटनचा निर्णय बरोबर ठरला हें कोणीहि नाकारणार नाहीं. राजा ऋतुपर्णाचाहि बरोबरच ठरला होता.

ह्या तमाशानंतर शर्यतीच्या कारभाऱ्यांनीं शहाणपण धरिलें. चालकांचे करार नोंदवून घेणारें व तंटा पडल्यास कोणता करार खरा हें ठरविणारें एक मंडळ जिनीव्हास स्थापन झालें. तीन दशकांनंतर, २०२२ सालीं, त्या मंडळापुढें एक मोठा खटला आला. अल्पीन नांवाच्या संघानें २ ऑगस्ट रोजीं जाहीर केलें कीं, पुढील वर्षीं आमच्या गाडींत ऑस्कर पियास्त्री हा ऑस्ट्रेलियन तरुण बसेल. कांहीं तासांतच पियास्त्रीनें उलट जाहीर केलें कीं, हें माझ्या संमतीवांचून छापलें आहे व मी अल्पीनसाठीं गाडी चालविणार नाहीं. कागद तपासले गेले. २ सप्टेंबरला मंडळानें एकमतानें निर्णय दिला: पियास्त्रीचा ग्राह्य करार एकच, तो मॅक्लारेन संघाशीं ४ जुलैस झालेला. अल्पीननें त्याला वाढविलें होतें, त्याच्यावर पैसा ओतला होता, आणि सहीचा कागद मात्र वेळेवर पुरा केला नव्हता.

आतां ह्यांतील गंमत पाहावी. हे संघ घरांसारखे विकले जातात व नवा मालक दारावरची पाटी बदलतो. १९९१ चा बेनेटन संघ पुढें रेनो झाला, मग लोटस, मग पुन्हां रेनो, आणि २०२१ पासून अल्पीन. १९९१ चा जॉर्डन संघ हातोहात विकला जात २००८ सालीं विजय मल्ल्या ह्यांच्याकडे येऊन 'फोर्स इंडिया' झाला आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन आहे. तेव्हां ज्या घरानें १९९१ सालीं दुसऱ्याचा चालक उचलला, त्याच घराचा चालक २०२२ सालीं दुसऱ्यानें उचलला. आणि ह्या सगळ्या गोंधळाचें मूळ असें कीं, अल्पीनचा जुना चालक फेर्नांदो आलोन्सो १ ऑगस्टला एकाएकीं घर सोडून गेला होता. कोठें गेला? ॲस्टन मार्टिनकडे, म्हणजे जुन्या जॉर्डनच्याच घरीं! कथेंत असा योग कोणी जुळविला असता, तर आमच्या समीक्षकांनीं त्यास कृत्रिम म्हणून झोडपलें असतें.

परंतु मॅक्लारेनमधील ज्या आसनावर पियास्त्रीनें बसावयाचें ठरलें तेंहि रिकामें नव्हतें. डॅनियल रिकार्डो तेथें होता व त्याच्या कराराचें एक वर्ष शिल्लक होतें. त्यास रक्कम देऊन उठविण्यांत आलें. ह्या रिकार्डोकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे. २०१५ सालीं तर झाउबर संघानें दोन आसनांवर तीन चालकांशीं करार केले. गीडो व्हान डर गार्ड हा तिसरा मेलबर्नच्या न्यायालयांत जिंकला, अपिलांतहि जिंकला, आणि दुसऱ्या चालकाचा पोशाख चढवून गाडींत बसूनहि आला. तरी अखेर पैसे घेऊन परत गेला. ज्या संघाला आपण नको आहों त्याच्या गाडींत बसून ताशीं तीनशें किलोमीटर वेगानें जाण्यांत शहाणपण नाहीं, हें त्यानें ओळखलें असावें.

आमचे एक वकील स्नेही म्हणतात कीं, ह्यांत नवल तें काय? १८५२ सालीं इंग्लंडांत लम्ली विरुद्ध वाग्नर हा दावा झाला. योहाना वाग्नर नांवाची गायिका एका नाटकगृहाशीं करार करून दुसऱ्याकडे गाणार होती. न्यायालयानें तिला दुसरीकडे गाण्यास मनाई केली. पण पहिल्याकडे गाच, असें म्हणण्याचें त्यानें नाकारलें. गळा असो, हात असो, त्याला बांधून ठेवतां येतें. चालवितां येत नाहीं. आपल्या रंगभूमीनें हा अनुभव कायद्यावांचून घेतला आहे. १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळी सोडून निघाले व त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. हा इतिहास सुशिक्षित घरांत सर्वांस मुखोद्गत असतो. दीनानाथ मंगेशकर किर्लोस्करांकडे आले व १९१८ सालीं तेहि बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी निघाली, हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. पण १९१३ सालीं मागें राहिलेल्या नटांपैकीं किती जणांचीं नांवें आज कोणाला सांगतां येतील?

ह्या सर्व गोष्टी आम्ही केवळ करमणूक म्हणून चघळीत होतों, तों त्यांतलीच एक आमच्या ओसरीवर येऊन बसली. तेल्हाऱ्यास मोटारींच्या शर्यती नाहींत. तेल्हाऱ्याचा रस्ता ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिला आहे ते असें विचारणारहि नाहींत. येथें शर्यत असते ती बैलांची. पश्चिम महाराष्ट्र जिला बैलगाडा शर्यत म्हणतो तिला आम्ही विदर्भांतले लोक शंकरपट किंवा नुसता पट म्हणतों. अमरावती जिल्ह्यांतील तळेगाव दशासरचा पट तर सगळ्या विदर्भांत गाजलेला आहे. हलक्या छकडीला जुंपलेली जोडी, तिला हाकणारा धुरकरी, आणि सरळ नांगरटीसारखी वाट. सेकंदांत सारा खेळ आटोपतो. बैल मालकाचे, खुराक मालकाचा, बक्षीस मालकाचें, गांवोगांव नांव होतें तेंहि मालकाचें. त्या थोड्या सेकंदांपुरती मात्र सारी सूत्रें धुरकऱ्याच्या हातांत असतात.

७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या शर्यती बंद केल्या. मुक्या जनावरांचे हाल होत होते ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पराणी, जिला आमच्याकडे तुतारी म्हणतात, ती बैलाच्या पुठ्ठ्यांत शिरतांना आम्हीं पाहिलेली आहे. पुढें राज्यानें २०१७ सालीं कायदा दुरुस्त केला, तोहि कोर्टांत अडकला, आणि १६ डिसेंबर २०२१ रोजीं नियमांच्या अटींवर परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें ती कायम केली. आतां चाबूक व काठी ह्यांस बंदी आहे. म्हणजे जनावराला टोचून पळविण्याचे दिवस सरले आणि जनावर ओळखणाऱ्या धुरकऱ्याचें मोल वाढलें. आमच्या कथेचें मूळ येथेंच आहे.

२०२४ च्या जानेवारींत आमचा एक जुना विद्यार्थी एका तरुणाला घेऊन आमच्याकडे आला. विद्यार्थी आतां चाळिशीचा, बागाईतदार, गांवांत वजन असलेला. दावणीला पटाची एक नामांकित जोडी. बरोबरचा तरुण अमरावतीकडचा धुरकरी, दोनतीन पटांत नांव काढलेला. विद्यार्थ्यानें खिशांतून मुद्रांकाचा कागद काढून आमच्यापुढें ठेवला.

"सर, तुमचं इंग्रजी पक्कं हाये. असा कागद करून द्या का मंग याले हंगामभर दुसऱ्याच्या छकडीवर बसता आलं नाई पायजे."

"अरे बाबा, कागद इंग्रजींत कशाला? तुम्हां दोघांना वाचतां येईल अशा मराठींत करूं."

"इंग्रजीत असला का जरासा धाक रायते, सर."

ह्या वाक्यांत आमच्या साऱ्या विद्यापीठीय आयुष्याचें मूल्यमापन आलें असें वाटून आम्हांस हसूं आलें. आम्ही मराठींतच लिहूं लागलों. पहिलें कलम कोणत्या पटांत धांवावयाचें ह्याचें, दुसरें मेहनतान्याचें व बक्षिसांतील वांट्याचें. तो तरुण इतका वेळ खालीं मान घालून बसला होता. तिसऱ्या कलमाशीं आम्ही आलों तेव्हां तो प्रथमच बोलला.

"अन् मले मधातच काढलं त?"

"तुले काहून काढीन मी?" मालक म्हणाला.

"त्याईले काढलंच नं."

'त्याई' म्हणजे कोण हें आम्हांस ठाऊक होतें. ह्या जोडीचा जुना धुरकरी आमच्या आळीपलीकडेच राहतो, साठीचा मनुष्य. बंदीच्या साडेसात वर्षांत पट नव्हता, बक्षीस नव्हतें, मेहनतानाहि सालदारीच्या पलीकडे नव्हता. जुनी जोडी थकली, तेव्हां त्यानें नवे गोऱ्हे निवडले, त्यांना चालीला लावलें, वळण दिलें. त्या गोऱ्ह्यांना जन्मांत कधीं पटांत उतरतां येईल कीं नाहीं हें त्या वेळीं देशांतील कोणत्याहि न्यायाधीशास सांगतां आलें नसतें. तेच गोऱ्हे आतां ही नामांकित जोडी झाले होते, आणि सेकंदाचा अंश कमी पडूं लागला म्हणून त्यांच्या मागें नवा मनुष्य बसावयाचा होता.

तरुणाचें म्हणणें वाजवी होतें. तिसरें कलम आम्हीं असें लिहिलें कीं, हंगामाच्या मध्यें काढल्यास पुऱ्या हंगामाचा मेहनताना द्यावा. मग न विचारतां चवथेंहि लिहिलें: जोडी ज्यानें तयार केली त्यास, ती धांवत राहील तोंवर, प्रत्येक बक्षिसांतून अमुक हिस्सा द्यावा. मालकानें वाचलें आणि कागद खालीं ठेवला.

"सर, कागद आमच्या दोघायचा. त्यात तिसरा कायले? अन् त्यायचा काई कागद होता काय?"

आम्हीं त्यास नळाची गोष्ट सांगितली नाहीं, मोरेनोचीहि नाहीं. एवढेंच म्हटलें कीं, जो कागद तुम्ही दोघे करीत आहां तो त्या तिसऱ्याच्याच आसनाविषयीं आहे, तेव्हां त्याचें नांव त्यांत येणें अगदींच अस्थानीं नाहीं. त्यानें आमचा मान राखून वाद घातला नाहीं. दोन दिवसांनीं सह्या झाल्या त्या तीन कलमांवर. चवथें कलम असलेला मसुदा आमच्या टेबलाच्या खणांत आहे. पुढें त्यानें म्हाताऱ्यास दिवाळीला धोतरजोडी व जवारीचें एक पोतें पाठविलें असें आमच्या कानीं आलें. तें दान झालें, आणि दान न देण्याची मुभा देणाऱ्यास नेहमींच असते.

त्या पटास आम्हीहि गेलों होतों. म्हातारा तेथें आधींच हजर होता. सुटण्याच्या रेघेवर बैल धरून उभा राहणारा माणूस लागतो, आणि ती जोडी दुसऱ्या कोणाच्या हातीं स्थिर उभी राहीना. त्यानें आम्हांस पाहून रामराम केला. आपल्याविषयीं तो एक अक्षरहि बोलला नाहीं. नव्या धुरकऱ्याकडे बोट करून म्हणाला, "त्याले सांगजा सर, डाव्या बैलाच्या डोयासमोर हात नोको आनू मना, तो बुजते." आम्हीं विचारलें, तूंच कां सांगत नाहींस? तर म्हणाला, "माह्यापासून आयकाले त्याले बरं नाई वाटनार." नळानें ऋतुपर्णाला अश्वहृदय दिलें तें अक्षहृदयाच्या मोबदल्यांत; ह्यानें तें फुकट दिलें, आणि तेंहि आमच्या हातून, घेणाऱ्यास संकोच होऊं नये म्हणून. आम्हीं निरोप पोंचविला. तरुणानें तो मुकाट्यानें ऐकून घेतला. जोडी त्या दिवशीं दुसरी आली.

घरीं परततांना चिरंजीव गाडींत होते. त्यांना आम्हीं विचारलें कीं, तुमच्या त्या शर्यतींत आपल्या देशाचा कोणी वार्ष्णेय झाला आहे काय? त्यांनीं नारायण कार्तिकेयनचें नांव घेतलें. फॉर्म्युला वनमध्यें उतरलेला हा पहिला भारतीय, तामिळनाडूचा. २००५ सालीं त्याला आसन मिळालें तेंहि जॉर्डनच्याच गाडींत. पुढें २०११ सालीं तो एच्‌.आर्‌.टी. ह्या दुबळ्या स्पॅनिश संघाकडून धांवत होता. हंगामाच्या मध्यावर, इंग्लंडच्या शर्यतीपासून, त्याला उठवून एक होतकरू ऑस्ट्रेलियन बसविला गेला. त्या वर्षीं ३० ऑक्टोबरला दिल्लीजवळ बुद्ध सर्किटवर भारतांतली पहिली शर्यत होती. यजमानाच्या देशाचा मनुष्य असावा म्हणून त्या एका दिवसापुरतें कार्तिकेयनला पुन्हां बसविण्यांत आलें. व्हितान्तोनियो लिउत्सी ह्या इटालियन चालकानें त्याच्यासाठीं आसन सोडलें. कार्तिकेयन सतरावा आला.

तो होतकरू ऑस्ट्रेलियन म्हणजेच डॅनियल रिकार्डो. त्यानें पुढें आठ शर्यती जिंकल्या. २०२२ च्या अखेरीस पियास्त्रीसाठीं तो मॅक्लारेनमधून उठला हें वर आलेंच आहे. २०२३ च्या जुलैंत त्याला पुन्हां एक आसन मिळालें; तें निक डे व्ह्रीस नांवाच्या चालकास दहा शर्यतींनंतर उठवून रिकामें केलेलें होतें. २२ सप्टेंबर २०२४ रोजीं सिंगापूरच्या शर्यतींत रिकार्डो अठरावा आला. शर्यत संपल्यावर गाडी थांबली तरी तो बराच वेळ आंतच बसून राहिला. त्या रात्रीची सर्वांत जलद फेरी त्याच्या नांवावर लागली होती. चार दिवसांनीं संघानें जाहीर केलें कीं, पुढील शर्यतीपासून त्याच्या गाडींत लियाम लॉसन बसेल.